गणपतरावांचा ग्रीक आजार

नीट ऐका, तारीखवार सांगते: साल हेच, एकोणीसशे चौऱ्याहत्तर, महिना फेब्रुवारी, थंडी सरत आलेली, संत्री ऐन भरात... आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या शेजारच्या गणपतरावांना आजार व्हावा, तोही ग्रीक! अहो, पोट वाजत होतं त्यांचं, दुसरं काही नाही, पण नवा डॉक्टर गंभीरपणे ‘बॉर्बोरिग्मस’ म्हणाला, आणि त्यांच्या सिंधूताईंनी हंबरडाच फोडला, “काकू वं, एवढं लंबं नाव! हे साधं दिसून नाही राह्यलं!”

मी जुनी मॅट्रिक. शब्दाचं मूळ पाहावं, हो! शब्दकोश उघडला, अर्थ सांगितला... पण ऐकतं कोण? आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आपली रीत. जो येई तो संत्र्यांची टोपली घेऊन येई, गणपतराव लोडाला टेकून अनशापोटी ती खात, पोट आणखी वाजे, ‘वाढलं, वाढलं’ अशी बातमी होई, की आणखी माणसं, आणखी संत्री! मूळ पाहावं की नाही कुणी?

बातमी रामटेकला पोचली. तिथे त्यांच्या लेकीचं, उत्तराचं, लग्न ठरलेलं. वरपिता भैयाजी तडक व्याह्यांपुढे हजर! “इवाई, रोग खानदानी तं नाही ना? नाही तं लगन थांबवू.” आत उत्तरा पदरात तोंड लपवून रडते आहे... तुम्हाला सांगते, मला राहवेना. म्हटलं, “भैयाजी, ग्रीकांनी पोटाची गुडगुड ऐकली, तिच्या आवाजावरूनच शब्द केला, लॅटिननं त्याचं शेपूट बदललं, इंग्रजांनी तो डॉक्टरांच्या तोंडी दिला. हा रोग खानदानातून नव्हे, या टोपल्यांतून आला आहे! टोपल्या हलवा, चार दिवस इथेच राहा, पाहा!”

हलवल्या. कुठे? माझ्या घरी! पोट शांत झालं, भैयाजींनी होकार दिला. गणपतराव तेवढे रुसले. “काकू, काहून माया आजार काढून राह्यल्या? चांगले लोक भेटाले येत होते.”

आणि टोपल्यांतली संत्री काय फेकून द्यायची? आमच्या संस्कारात बसत नाही. खाल्ली... सगळी.

आज सकाळी लग्न लागलं. अंतरपाट धरलेला, भटजी श्वास घ्यायला थांबले, मांडव चिडीचूप... आणि गुडगुडगुड! माझं! भैयाजी मोठ्यानं म्हणाले, “आता काकूले झालं गा, ते ग्रीक!”

तेव्हापासून दाराला रांग आहे. मूळ सांगून सांगून घसा बसला. तुम्ही तरी... असू द्या. संत्रीच ना? ठेवा त्या कोपऱ्यात.