शिवप्पाच्या बुटातली भाकरी

खोटं निघालं तर आजचा चहा माझ्याकडून, पण आधी ऐका. आमच्या रविवारच्या सायकल टोळीत शिवप्पा कायम शेवटचा. अक्कलकोटला आमची भजी संपली की हा गुडघा चोळत पोचायचा आणि नुसत्या मिरच्या खायचा. शेवटी फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलं, "तुमचं पाऊल आत कलतं, म्हणून गुडघा दुखतो. बुटात आतल्या बाजूनं आधार घाला."

शिवप्पानं घातला आपल्या कडक भाकरीचा तुकडा. बायको म्हणाली, "अन्नावर पाय देताय, पाप मागं लागंल बगा."

त्या रविवारी हा आम्हा सगळ्यांना मागे टाकून सुसाट गेला. आम्ही पोचलो, तर साहेबांची भजीची दुसरी प्लेट चालू.

मी विचारलं, "गुडघा दुखला न्हाय व्हय?"

"त्याला इचारायला सवड कुटं हुती? वळसंगपासनं पाप मागं लागलं हुतं की. गावातली समदी कुत्री."

आता त्याच्या बुटात रबराची पट्टी आहे, गुडघाही ठणठणीत आहे. भाकरीचा तुकडा मात्र अजून खिशात असतो. म्हणतो, "चढाला कुत्री लागत्यात की."