पानावरचं मीठ

"भावजी, तोंडातून शब्द निघतोच कसा तुमच्या? वाट दाखवणार? साहेबाला?"

"मग काय करू, ठमे? दोन महिने झाले, वाडीत मिठाचा खडा नाही! पोरं आंबील तोंडात धरतात अन् थुंकतात!"

"थुंकू देत."

"थुंकू देत म्हणे! अगं, त्या कुंडवाडीच्या हणमाला बघ. वाट दाखवली, आज नगरात पगडी घालून फिरतो. अन् आपण? आपण इथं पाला चघळतोय!"

ऐका. मधूनच सांगते आहे, कारण भांडणही तसंच होतं. सुरू कुणी केलं, ते भांडणाऱ्यांनाच आठवत नव्हतं. काळ कंपनी सरकारचा. खालचा मुलूख त्यांनी गिळला, आता डोंगर पाहिजे होता. डोंगरातल्या कोळ्यांनी सारा दिला नाही, बंड केलं. बंडातली साठ माणसं उंबरवाडीच्या वर गडदीत लपली होती. गडद म्हणजे कड्यातली गुहा. तिथं जायची चोरवाट एकट्या उंबरवाडीला ठाऊक. पलटण शोधून शोधून दमली. मग साहेबानं काय केलं? गोळी नाही घातली हो! कोकणातून वर येणाऱ्या घाटाघाटांत चौक्या बसवल्या आणि मीठ अडवलं. निरोप धाडला: वाट दाखवा, चौक्या उठवतो, खेमा नाइकाला त्याची नाइकी परत देतो. उजाडता साहेबाचा जमादार उत्तर न्यायला येणार होता.

खेमा नाईक म्हणजे ठमाचा थोरला दीर. माणूस वाईट नव्हता. थकला होता. थकलेल्या माणसाची जास्त भीती वाटते मला, वाईटाची नाही वाटत तेवढी. आणि ठमाचा नवरा त्या साठांत होता, हे विसरू नका.

ठमा म्हणाली, "उजाडायच्या आत मीठ आणते. आणलं तर जमादाराला नाही म्हणायचं."

"आणशील कुठून? घाटाघाटांत चौकी आहे."

"आंधळ्या नाळेत नाही."

नाळ म्हणजे डोंगराला वरून खाली पडलेली चीर, नुसते धोंडे. तिथंही चौकी बसली होती बरं का! एक रात्र टिकली. सकाळी एक शिपाई मिळाला तो बोलेना, दुसरा मिळालाच नाही. तेव्हापासून ती नाळ मोकळी.

"त्या नाळेनं बाई गेलेली नाही कधी," खेमा म्हणाला.

"गडीही गेलेला नाही. उगा बाईचं नाव सांगू नका."

अंधार पडल्यावर ठमा निघाली. डोक्यावर हिरड्याचं गाठोडं, कमरेला कोयता. उतरताना काही झालं नाही. काहीच नाही! खाली आगरी लोकांची वस्ती. तिथं तिनं हिरडा दिला, तेवढंच मीठ घेतलं, गाठोडं बांधलं आणि मागं वळली. अर्धा चंद्र वर आला होता.

नाळेच्या तोंडाशी कुकारा आला. कूऽऽ! डोंगरातली माणसं लांबून अशीच हाक घालतात. ठमानं ओठ मिटले. जिता माणूस तीनदा कुकारा घालतो. हा एकदाच आला. ती चालत राहिली.

मग गाठोडं जड झालं. आधी पायलीभर, मग दोन पायल्या, मग जणू वर कुणी येऊन बसलंय! मान मोडायला आली. तिनं गाठोडं उतरवलं नाही. उतरवलं की गेलं, एवढं तिला कळत होतं.

मग एक वाकडा पळस आला. ठमा त्याला ओलांडून वर गेली. थोड्या वेळानं पुन्हा पळस. तोच! पुन्हा चढली, पुन्हा तोच. चकवा लागला होता. तिसऱ्यांदा पळस आला तेव्हा त्याच्याखाली घोंगडी पांघरून एक माणूस बसलेला.

"बाय, थोडं मीठ दे गं."

आता ऐका, नीट ऐका. डोंगरात वाटसरूनं पाणी मागितलं तर एखादा नाही म्हणेल. मिठाला कुणी नाही म्हणत नाही. मागणाऱ्याला द्यायचंच. ही आमची रीत, आणि ह्याच रितीनं माणूस फसतो. ठमाचा हात आपसूक वर गेला. गाठोड्याच्या गाठीतून तिनं चिमूट काढली, पळसाचं पान तोडलं, धोंड्यावर ठेवलं, पानावर मीठ ठेवलं. मीठ हातावर देत नाहीत, वैर होतं. पानावर ठेवायचं, घेणाऱ्यानं उचलायचं. पाळण्यातल्या पोराला तेवढं कळत नसेल, बाकी सगळ्यांना कळतं.

"पानावर नको, बाय. हातावर दे."

ठमा थबकली. आपल्यातला माणूस असं म्हणेल?

"तिथं ठेवलंय. उचल."

"हातावर दे गं!"

घोंगडीतून हात बाहेर आला. चांदण्यात तीन बोटं दिसली. दोन नव्हती. कुंडवाडीच्या हणमाची दोन बोटं अस्वलानं तोडली होती, साऱ्या डोंगराला ठाऊक.

"हणमा? तू तर नगरात आहेस!"

तो हसला की रडला, कळलं नाही. म्हणाला, "कशाचं नगर, बाय! पलटणीला आमची गडद दाखवली. आतली माणसं मारली. परत येताना साहेबाला म्हटलं, माझी नाइकी? साहेब म्हणाला, ज्यानं आपल्या माणसांना विकलं त्याला मी जवळ ठेवू? ह्याच नाळेत ढकललं मला." मग पानाकडं बोट केलं. "मला उचलत नाही गं ते. बघ." त्यानं तीन बोटं मिठात घातली. मीठ हाललं नाही. पान हाललं नाही. "जित्या माणसानं आपल्या हातानं हातावर दिलं, तर मी सुटतो. दे ना."

"अन् मी?"

त्यानं हात आणखी पुढं केला.

एवढ्यात मागून तिच्या नवऱ्याचा आवाज आला. "ठमे, दे त्याला! मला लागलंय गं, पलटण वर आली, लवकर चल!" अगदी तोच आवाज, तोच खोकला! ठमाची मूठ मिठानं भरली. हात पुढं झाला. वीतभर अंतर राहिलं. आणि मग तिला सुचलं: गडदीतल्या माणसानं मिठाला हात लावून दोन महिने झाले. तो आधी मीठ मागेल, देऊन टाक कसा म्हणेल?

तिनं मूठ मागं घेतली आणि मुठीतलं मीठ धोंड्यावर फेकलं. "उचल! उचलता आलं तर तुझं!" आणि पळाली. मागं कुकारा, कुकाऱ्यामागं कुकारा! धोंडे निसटत होते, लुगडं फाटलं, टाच सोलली. पळस पुन्हा आडवा आला नाही. नाळेच्या माथ्यावर पोचली तेव्हा तांबडं फुटलं होतं. त्या नाळेनं अजून कुणी जात नाही. तुम्हीही जाऊ नका. मीठ मागणाऱ्याला नाही म्हणायचं तुमच्या जिवावर येईल.

वाडीत जमादार येऊन उभा होता. खेमानं मुंडासं बांधलं होतं, काठी हातात. ठमानं गाठोडं मधोमध टाकलं. जमादाराच्या देखत सगळं सांगितलं, तीन बोटांसकट.

मग खेमा म्हणाला, "एक गाठोडं आणलंस. चार दिवसांत संपेल. पुढं?"

"पुढं पुन्हा जाईन."

"अन् भुतानं धरलं तर? भुताच्या सांगण्यावर वाडी उपाशी ठेवू? मी नाईक आहे, ठमे! मला सगळ्यांचं बघायचंय!"

जमादार घाई करू लागला. खेमानं पाऊल उचललं.

ठमा खाली बसली. एक पान घेतलं, खेमाच्या पायापुढं ठेवलं, त्यावर चिमूटभर मीठ घातलं. दोन महिन्यांनी मीठ बघितलेला माणूस तो. हात आपोआप खाली आला आणि पानावर अधांतरी थांबला.

"उचला, भावजी, आत्ताच उचला, वाट दाखवून माघारी आलात की हे तुमच्या हातानं उचलवणार नाही."