तापल्यावर सुटणारा टाका

समता कॉलनीतल्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. सिस्टरनं त्यांच्या हातात ईसीजीची पट्टी दिली.

“आंटी का नॉर्मल है, अंकल. घर जाइए.”

“चला. तिसऱ्यांदा नॉर्मल. उगाच तुमची धावपळ.”

“बस, माया. भंगारातून आणलेला, विजेची लहर दाखवणारा माझा जुना ऑसिलोस्कोप आठवते न?”

“हिरव्या रेघेचा डबा? मेकॅनिककडे बरोबर चाले, घरी चालता चालता रेघ गायब.”

“मंग फॉल्ट कसा सापडला?”

“तुम्ही तीन दिवस त्याच्यासमोर बसले, काडीनं सोल्डरचा एकेक टाका ठोकत. जेवलेही तिथंच.”

“अन् सापडला कवा?”

“दीड तास चालून डबा तापला, तवा. तापला का एक टाका सुटे.”

“मेकॅनिक थंड डबाच पाहून वापस देत होता. तुह्यं धडधडणं कवा होते?”

“जिना चढल्यावर. पण मी काय डबा आहे?”

“पट्टी काढायच्या आधी तुले किती वेळ निजवलं होतं?”

“अर्धा तास.”

“सिस्टर, मशीन बंद मत करना. हम लोग सीढ़ी चढ़के आ रहे हैं. उठ, माया.”

“थांबा, पदर खोचू द्या. चढायचं तं नीट चढू.”