टिक करू की नको

...आणि वर मलाच म्हणतो, ‘बाबा, ते ऑप्शनल आहे, नसलं तरी चालतं.’ आता तुम्हीच सांगा, नसलं तरी चालतं तर यादीत घातलं कशाला? उभा जन्म मी नळ जोडण्यात घालवला, पण एका गिऱ्हाइकाला कधी म्हटलं नाही की हा तुमचा पाइप, तोटी ऑप्शनल आहे.

झालं काय, पोराचा जुना लॅपटॉप माझ्याकडे पडून होता, चालू केला की आधी मला झोप लागायची आणि मग तो जागा व्हायचा, तर पोरगा तिकडून, म्हणजे पार समुद्रापलीकडून म्हणाला, त्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकू, फुकट असतं, हलकं असतं. कुरिअरने पेनड्राइव्ह धाडला आणि फोनवर सांगायला बसला. एरवी त्याचा फोन कसा? ‘जेवलात? गोळी घेतली? बरं, ठेवतो.’ मी ‘हो’ म्हणेपर्यंत ठेवलेला असतो. आणि त्या दिवशी म्हणतो, ‘सगळं होईपर्यंत लाइनवरच राहा हं बाबा.’ राहा? अहो, मी खुर्चीवर उशी घेतली!

तर पडद्यावर यादी आली. हे हवं का, ते हवं का, प्रत्येकापुढे एक चौकोन, हवं असेल तिथे टिक करायची. मराठीत होती, नशीब माझं. मला अक्षरं जुळवत वाचावं लागतं हे खरंय, पण तुम्हाला म्हणून सांगतो, त्या दिवशी मी जुळवलेली अक्षरं सोडवून पुन्हा जुळवत होतो. छ...पा...ई. तो म्हणतो, प्रिंटर आहे का तुमच्याकडे? नाही म्हटलं, पण उद्या कुणी घेऊन आलं तर? ‘नसलं तरी चालतं, बाबा.’ टिक. पुढे खेळ, बुद्धिबळ वगैरे. ‘कोणाशी खेळणार तुम्ही?’ आता याला काय सांगायचं... म्हटलं, मशीनशी खेळीन, हरलो तरी घरातच कुणीतरी जिंकेल. टिक. मग आला वेब सर्व्हर. तो घाईघाईने म्हणाला, ते नको, त्याने बाहेरची माणसं तुमच्या मशीनवर येतात. माणसं येतात? येऊ देत की! आमच्या दाराची बेल चालू आहे की नाही, हे मला अधूनमधून स्वतःच बाहेर जाऊन दाबून बघावं लागतं. टिक. तर तो हसला हो. मोठ्याने हसला. किती दिवसांनी...

मग म्हणाला, ‘हे शेवटचं मात्र कराच. तसं ऑप्शनलच आहे, पण हे असलं की काही बिघडलं तर मी इथूनच तुमच्या मशीनमध्ये शिरून सगळं करीन. तुम्हाला असं फोन धरून बसायला नको.’

बघा आता. सबंध यादीत हा एकच चौकोन त्याला हवा, आणि हा एकच मला नको. फोन काय, नसला तरी चालतो! मी म्हटलं, ‘केली टिक.’ केली नाही.

सगळं बसवून झालं, तो तिकडून शिरायला गेला, तर दार बंद. ‘बाबा, टिक केली होती ना?’ केली की रे, उडाली असेल. उडाली? म्हटलं, विजेचं काय सांगावं. बिचारा म्हणाला, आता मागाहून घालायचं तर तुम्हाला ढीगभर टाइप करावं लागेल, त्यापेक्षा पहिल्यापासूनच करू. करू की! छ...पा...

एवढ्यात फोनमध्ये त्याच्यामागून सूनबाईचा आवाज, मला उद्देशून नाही, त्याला. ‘अहो, ताट कितीदा गरम करू?’ हा दबक्या आवाजात म्हणतो, ‘तू जेवून घे, बाबांचं संपत नाहीये.’

संपत नाहीये...

आमची ही गेल्यापासून ताट मीच झाकतो, मीच उघडतो, आणि आत काय निघालं याचं कौतुकही मलाच करावं लागतं. म्हटलं, याचं तरी निवायला नको. यादी भराभर भरली आणि त्या शेवटच्या चौकोनातही केली टिक. खरीखुरी. ‘झालं रे, जेव जा.’ म्हणाला, ठेवतो. आणि ठेवला.

पुढचं ऐका. परवा मी लॅपटॉपसमोर नुसताच बसलोय आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. घाबरलो नाही, ओळखलं, पोरगा आलाय. टकाटक कामाला लागला, प्रिंटर काढला, सर्व्हर काढला, नसलं तरी चालतं, नसलं तरी चालतं... बुद्धिबळापाशी जरा घुटमळला, ते राहू दिलं. मी म्हटलं, ‘आलास का? बस.’ त्याला कुठलं ऐकू जातंय! मग मला राहवेना, हळूच माऊस धरला आणि त्याचा बाण ओढला डावीकडे. त्याने ओढला उजवीकडे. मी पुन्हा डावीकडे. लहानपणी माझं पांघरूण ओढायचा ना, तस्साच, तोच हट्ट, मी इथे एकटा खदाखदा हसतोय... तेवढ्यात एक खिडकी उघडली आणि तिच्यात अक्षरं उमटायला लागली. जुळवली मी, या खेपेला लबाडी न करता.

‘बाबा, हात काढा.’

काढला. काय करता... तो कामात होता.