सात वाजताचा मेल

दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या एका बाईला शेजारी बसलेल्या बहीणभावाचं बोलणं ऐकू येत होतं. दोघं मिळून लहान कंपन्यांचे संगणक सांभाळत होते.

“ताई, जुना सर्व्हर आज बंद करतो.”

“उद्या बघू.”

“दाजी गेल्यापासून तुझं उद्याच चाललंय. त्यावर आता एकही गिऱ्हाईक उरलेलं नाही.”

“रोज सकाळी सातला त्याचा मेल येतो.”

“बॅकअप झाल्याचा? अगं, रिकामा आहे तो. नव्या सर्व्हरवरूनही मेल येईलच की.”

“त्यात काय लिहिलेलं असेल?”

“बॅकअप पूर्ण. दुसरं काय?”

“ह्यांनी लिहून ठेवलंय, ‘सगळं नीट आहे, तू झोप अजून थोडी.’ मी उठून तपासत बसायचे ना, म्हणून.”

भावानं मांडीवरचा लॅपटॉप मिटला.

“काय रे?”

“काही नाही. त्या जुन्या सर्व्हरचा पंखा फार घरघरतोय. जाताना नवा पंखा घेऊ.”