नेपाळला गेलेले बोंबील

अगं, आमच्या ग्रुपने ठाण्याहून नेपाळमधल्या एका शाळेला पुस्तकं पाठवली ना, तेव्हाची गंमत. मी घरी खोकी भरत होते, तर शेजारच्या कोळीण मावशी सुके बोंबील घेऊन हजर.

"मावशी, फक्त पुस्तकं," मी वैतागून म्हटलं.

"अगो, पोरं रिकाम्या पोटी वाचतील काय?"

मी हाकललं, तरी त्यांनी गुपचूप पुडकं खोक्यात सरकवलंच.

पुढे तिथल्या सरांचा फोन आला. "ताई, सगळ्या पुस्तकांना माशांचा वास येतोय."

झालं, पुस्तकं वाया गेली. मी माफी मागायला लागले, तर म्हणाले, "ते राहू द्या. मुलं विचारतायत, हे शिजवायचं कसं?"

मी मुकाट्याने शेजारी जाऊन मावशींच्या हातात फोन दिला.

"आधी सांगा," मावशी म्हणाल्या, "भात लावलाय का?"