परडी कुणाच्या हातात दिली?

मंडळी, ऐका! एक सवाल टाकते. न मिळवलेला मान आपोआप आपल्या नावावर चढला, चार माणसांनी मान्यही केला, खरं काय ते फक्त आपल्याला ठाऊक — तर तो मान उतरवून ठेवायचा, की पदराखाली झाकायचा? लगेच माना हलवू नका! आधी द्वारकाबाईची गोष्ट ऐका.

द्वारकाबाई थेटे, सिन्नरची. थेट्यांची थोरली सून. हौसाबाई धाकटी. दोघी जावा-जावा. घराला घर लागून, मधे एक भिंत — आणि बोलणं? अकरा वर्षं बंद! एकीने उडदाचे पापड वाळत घातले की दुसरी ज्वारीचे घालायची. पण बोलायची नाही!

तर द्वारकाबाईच्या नातवाचं लग्न झालं, गोंधळ ठरला. गोंधळाला देवीची परडी भरायची. ही परडी वेताची, जुनी. सासू जिच्या हातात देते, तिनेच ती भरायची, असा थेट्यांचा रिवाज. द्वारकाबाई हात धुऊन पुढे झाली, तोच दारातून आवाज —

"परडी सासूबाईंनी माझ्या हातात दिली होती."

हौसाबाई! अकरा वर्षांनी बोलली ती हे!

"तुझ्या? थोरली जिवंत असताना?"

"फोटो काढला होता मामंजींनी. बघा."

द्वारकाबाई हसली. "काढा फोटो! सगळ्यांसमोर काढा!"

आता इथे गंमत आहे. तिची सून केतकी — तिने घरातले सगळे अल्बम कॉम्प्युटरात घातले होते. नऊ हजार फोटो! आणि ते मशीन काय करतं? फोटो बघतं आणि स्वतःच त्यावर चिठ्ठ्या चिकटवतं. हा समुद्र, हे जेवण, ही द्वारका. एकदा नाव सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही! अहो, द्वारकाबाईच्या मेलेल्या सासऱ्यांच्या मिशा बघून त्याने चिठ्ठी लावली — 'मांजर'! केतकी पुसायला गेली तर द्वारकाबाई म्हणाली, "राहू दे. दुधावर तसेच टपलेले असायचे."

केतकीने टाइप केलं 'परडी'. मशीन गप्प. त्याला परडी कुठली ठाऊक! मग 'टोपली' टाकलं. आली की रांग! वांग्यांची टोपली, झेंडूची टोपली, टोपलीत घातलेली केतकीची नणंद... आणि मग तो फोटो! सासू परडी देतेय. समोर सून वाकलेली, पदर भुवयांपर्यंत, दिसतंय ते नुसतं नाक आणि नथ. खाली मशीनची चिठ्ठी — 'द्वारका'!

झालं! पाहुण्या बाया म्हणाल्या, "बघा, थोरलीच!"

अहो, पण तसं का झालं? सासूने भांडण नको म्हणून दोन्ही सुनांना एकाच ताग्यातली लुगडी, एकाच सोनाराच्या नथी! कुंकूही एकाच मापाचं. मशीनने काय करावं? दोघींना एकच बाई धरून सगळे फोटो थोरलीच्या नावावर टाकले. जिवंत माणसांना कळेना, तर लोखंडाला कसं कळणार?

हौसाबाईने चष्मा वर केला, खाली केला. बघितलं. मग हळूच म्हणाली, "मशीन सांगतंय तर असेल तसं. माझंच वय झालं, आक्का. तुम्ही भरा परडी. मी पीठ चाळते."

आणि चाळणी घेऊन बसली!

मंडळी, ती भांडली असती ना, तर द्वारकाबाई जिंकली असती! शिवी आली की उलटी शिवी तयार असते. पण 'आक्का' म्हणून पीठ चाळणाऱ्या बाईला काय उत्तर द्यायचं? सांगा!

द्वारकाबाई परडी घेऊन उभी. आतून ठाऊक होतं. चाळीस वर्षं एक खोटं पोसलं होतं. इतकं पोसलं की ते पोटच्या लेकरासारखं वाटू लागलेलं. सासूने परडी दिली त्या नवरात्रात ती घरात नव्हतीच! परत आली, परडी देव्हाऱ्यातून उचलली, 'मी थोरली' म्हणून भरली, आणि हौसा तेव्हाही गप्प बसली होती.

"थांब गं! ती मी नाही."

केतकी म्हणाली, "आई, पण मशीनने —"

"मशीन होतं का तिथे? आणि मी तरी कुठे होते! मी रुसून माहेरी, कोपरगावला!"

एका बाईने विचारलं, "रुसून? कशावर?"

द्वारकाबाई पुटपुटली, "लुगड्यावर."

हौसाबाईची चाळणी थांबली. "म्हणजे माझ्या लुगड्याचे काठ रुंद होते म्हणून?"

"होतेच! बोटभर जास्त होते!"

"एकाच ताग्यातलं होतं, आक्का!"

"तुला दुसऱ्या टोकाचं दिलं! केतकी, कर गं तो फोटो मोठा. काठ दाखव!"

आणि मंडळी, काय सांगू! परडी हौसाबाईच्या मांडीवर ठेवून दोन म्हाताऱ्या कॉम्प्युटराला नाक लावून बसल्या, बोटाने काठ मोजत! गोंधळी बाहेर संबळ घेऊन ताटकळले. अकरा वर्षांचं साठलेलं भांडण, ते काय एका फोटोत संपतं?

हसलात? हसा. आता ऐका. मशीनची चूक द्वारकाबाईच्या फायद्याची होती आणि तरी तिने ती बायांसमोर पुसली. इज्जत गेली म्हणता? अहो, रुसून माहेरी गेलेली बाई त्या दिवशी खरी घरी परतली!

आणि आपण? आज सकाळी भंडाऱ्याची भाजी चिरली कुणी, चुलीपाशी डोळे लाल झाले कुणाचे, आणि नारळ-हार पडले कुणाच्या गळ्यात? मी नाव घेत नाही. माझं तोंड तसंही बदनाम आहे. पण पुढच्या रांगेत तीन हार दिसतात मला, आणि भाजी चिरणाऱ्या बाया त्या खांबाआड उभ्या आहेत.

टाळवाल्यांनो, हात आवरा! देवाचं नाव घेऊ, जरूर घेऊ. आधी एक तरी हार उठून त्या खांबाकडे जाऊ दे. मला घाई नाही.